गडी बाहेर घेताना

डिसेंबर लागला की आमच्या काशीगावात हवा बदलते. खाडीकडून येणारा दमट वारा थांबतो आणि चेण्याच्या डोंगराकडून कोरडा वारा सुटतो. ओठ फुटतात. हायवेची धूळ धुतलेल्या भांड्यांवर बसते. टाचा तडकतात. माझ्या वयाच्या माणसाला कॅलेंडर बघायची गरज नाही. टाच दुखायला लागली की समजायचं, कबड्डीचा सीझन आला.

यंदाही आला. परवा सकाळी पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे दर्शना, आमची कॅप्टन. हातात फावडं घेऊनच आली होती. म्हणजे विचारायला नव्हती आली, न्यायला आली होती.

"आबा, मैदान करायचंय."

"करा की. हात आहेत ना तुम्हाला."

"माती टाकलीय. पाणी किती मारायचं तेवढं सांगा."

"ते पायाला कळतं. मला काय विचारतेस."

"काकीच्या पायाला कळायचं," ती म्हणाली. मागच्या पोरी जमिनीकडे बघायला लागल्या.

काकी म्हणजे माझी बायको, चंद्रा. गेल्या हिवाळ्यात ती आजारी होती आणि हिवाळा संपता संपता गेली. तेव्हापासून माझ्यासमोर तिचं नाव निघालं की लोक असे जमिनीकडे बघतात, जणू तिथे काहीतरी पडलंय. मला राग येतो. अरे, नाव घ्या की. नाव घेतल्यानं ती जास्त मरणार आहे का.

आमचं मैदान मातीचं. जिल्ह्याच्या स्पर्धा आता मॅटवर होतात, पोरी तिथे बूट घालून खेळतात. चांगलं आहे, गुडघे कमी फुटतात. पण गावागावांच्या स्पर्धा अजून मातीवर होतात आणि माती आयती मिळत नाही, करावी लागते. तांबडी माती आणायची, चाळायची, एक खडा राहू द्यायचा नाही. ओली करायची. तिच्यात जाडं मीठ टाकायचं, म्हणजे उन्हात भेगा पडत नाहीत आणि पाय आपटला की धूळ उडत नाही. मग ती पायांनी बसवायची. ही आमच्याकडच्या मिठागरवाल्यांची पद्धत. मीठ पिकवायच्या आधी मिठागराचा तळ असाच तुडवून तुडवून घट्ट करतात. चंद्रा मुर्धा गावची. लग्नाआधी ती बापाच्या मिठागरात हेच करायची. पोरींनाही तिनंच शिकवलं. ओळीनं एकमेकींचे हात धरायचे, आधी टाच, मग चवडा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मध्ये कुणी हसत उड्या मारायला लागली की ओरडायची, "नाचतेस काय? तुडव."

सगळं झालं की ती एकटी मैदानभर अनवाणी फिरायची. मध्येच थांबून टाच दाबायची. खड्डा पडला तर पाणी जास्त झालं. काहीच उमटलं नाही तर पाणी कमी पडलं. नुसती खूण उठली तर म्हणायची, "झाला. आता पोरी पडल्या तरी रडनार न्हाईत."

परवा मी गेलो पोरींबरोबर. त्यांनी तुडवलं, मी कडेला उभा राहून बघितलं. शेवटी मैदानभर कोण फिरणार हा प्रश्न आलाच. कुणीच फिरलं नाही. दर्शनानं पाण्याची नळी गुंडाळली, मी घरी आलो, आणि आल्यापासून मागचा हिवाळा डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलोय. लिहायची सवय नाही. सातवी नापास माणूस मी, त्यातही मराठीतच नापास.

भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मशिनवर आयुष्य गेलं. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं निघायचं. ती काजळी झटकायला मैदानावर जायचो. आधी खेळलो, गुडघा गेल्यावर शिकवायला लागलो. गावातल्या पोरांची टीम होती. हळूहळू पोरं यायची बंद झाली, कुणी नोकरीला, कुणी मोबाइलला. मी घरी बसून चिडचिड करायचो. तेव्हा चंद्रा म्हणाली, "पोरी हायेत की गावात. त्यांना हातपाय न्हाईत?" मी हसलो. तिनं हसण्याकडे लक्ष दिलं नाही. घरोघरी गेली. पोरींच्या आया तिला ओळखायच्या, आज्या तर जास्तच ओळखायच्या. कुणाची आजी म्हणाली, पोरीचं तोंड फुटलं तर लग्न कोण करेल. चंद्रा म्हणाली, "माझं तोंड बघ. झालंच ना?"

तशी टीम झाली. मग मीरा रोडच्या बिल्डिंगमधूनही पोरी यायला लागल्या. शाहीन तशीच आली, शेअर रिक्षातून एकटी. मला म्हणाली, "अंकल, मेरेको खेलना है. मैं भागती बहुत तेज हूँ." मी म्हटलं, "इधर भागने का नहीं, वापस आने का खेल है." ते तिला फार आवडलं. दोन सीझनमध्ये तिच्यासारखी चढाई करणारी पोरगी आजूबाजूच्या कुठल्याच टीममध्ये नव्हती. मराठीही शिकली. पण शिकली चंद्राकडून. त्यामुळे बिल्डिंगमधली ही पोरगी "हाय" आणि "न्हाय" बोलायची आणि गावातल्या पोरी शाळेतली मराठी बोलायच्या.

इतक्या वर्षांत कबड्डी शिकवताना मला काय कळलं असं कुणी विचारलं तर फार लांबण लावता येणार नाही.

एक कळलं, की शिकवणाऱ्याला आत जाता येत नाही. चुन्याच्या रेषेबाहेर उभं राहून ओरडावं, हात आपटावे, घसा बसवून घ्यावा, पण आत एक पाऊल टाकायचं नाही. सुरुवातीला मला हे जमायचं नाही. पोरगी चुकीच्या बाजूला वळली की माझा पाय आपोआप रेषेच्या आत. पंचांनी एकदा मला सरळ मैदानाबाहेर पाठवलं. भिंतीमागून मॅच ऐकली. ते बघण्यापेक्षा वाईट.

आणि साखळीचं कळलं. पकड करणाऱ्या दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात. नवीन पोरी घाबरून हात आवळतात. आवळला की दोघी अडकल्या, एक पडली की दुसरीही पडणार. हात धरायचा तो इतकाच, की शेजारणीला तुझा दाब कळावा आणि सोडायची वेळ आली की सुटावा. हे बोलायला सोपं. अंगात यायला एक सीझन जातो.

कबड्डीत एक चांगली सोय आहे. बाद झालेला गडी कडेला बसतो आणि आपल्या बाजूनं पॉइंट घेतला की उठून परत आत येतो. ज्या क्रमानं बाद, त्या क्रमानं परत. पोरी बाद झाल्या तरी कधी उदास होत नाहीत, पुढच्या चढाईकडे डोळे लावून मांडी घालून बसतात. ही सोय फक्त त्या चौकोनात आहे. घरी ती कुणी ठेवलेली नाही. हे मी शिकवलेलं नाही पोरींना. कळेल आपोआप.

पण सगळ्यात अवघड काय, तर चांगल्या खेळाडूला बाहेर बोलावणं. वाईट खेळणाऱ्याला कुणीही काढतो. खेळणारी म्हणते मी खेळते, लोक म्हणतात खेळू दे, घड्याळ पळतंय, आणि तुला एकट्याला काहीतरी दिसलंय. त्या वेळी सगळं मैदान तुझ्या विरोधात असतं. नंतरही कुणी येऊन सांगत नाही की बरोबर केलंस. कारण खेळू दिलं असतं तर काय झालं असतं ते कुणालाच कळत नाही. तुलाही नाही.

हे मला माहीत होतं. तरी गेल्या हिवाळ्यात मला ते परत शिकावं लागलं.

चंद्राचा आजार पावसाळ्यात कळला. पोटातला, पसरलेला. डोस सुरू झाले. दिवाळीपर्यंत तिचे केस गेले, मग भूक गेली, मग ती ज्या आवाजात गल्लीच्या त्या टोकाच्या बाईशी भांडायची तो आवाज गेला. डिसेंबरात तिला पुन्हा हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर मला आणि रूपेशला बाजूला घेऊन बोलले. रूपेश माझा मुलगा. ऑफिसात काम करतो, मीरा रोडला बायको-मुलांबरोबर राहतो. डॉक्टर म्हणाले, औषध बदलून आणखी एक फेरी देता येईल. फायदा झाला तर थोडे महिने मिळतील. नाही झाला तर हेच दिवस आणखी कठीण जातील. तुम्ही घरचे ठरवा.

रूपेश लगेच म्हणाला, "देऊया."

चंद्राला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मना घरी न्या."

झालं. त्या हिवाळ्यात माझ्यापुढे एवढा एकच प्रश्न होता. फेरी द्यायची की तिला घरी आणायची. दिवसा उत्तर एक वाटायचं, संध्याकाळी दुसरं.

तिचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. आजारी माणूस घरी न्या म्हणतोच. नातेवाईक यायचे, सफरचंदं ठेवायचे आणि म्हणायचे, "काकी फायटर आहे. काकी हरणार नाही." सारखं तेच. लढा, झुंज, जिद्द. मला त्या शब्दांचा वैताग यायला लागला. मी आयुष्यभर मॅच बघत आलोय. मॅचला वेळ ठरलेली असते, मध्ये विश्रांती असते, दोन्हीकडे सारखे गडी असतात आणि शिट्टी वाजली की सगळे हात मिळवून घरी जातात. यातलं काय होतं त्या कॉटवर? एक सुईनं काळानिळा झालेला हात होता आणि तो हात मला खुणावत होता, जवळ या. जवळ गेलो की तेच. "घरी चला ना."

मी म्हणायचो, "बघू." बायकोला इतक्या वेळा खोटं मी कधी बोललो नव्हतो.

दुपारी हॉस्पिटल, संध्याकाळी मैदान. मैदानावर असलो की मोबाइल शर्टाच्या खिशात, आवाज पूर्ण मोठा. तो वाजला की पोरी होत्या तिथे थिजायच्या. एकदा दर्शना पकड करता करता थांबली आणि चढाई करणारी सरळ निघून गेली. फोन गॅसवाल्याचा होता. मी दर्शनाला ओरडलो, ती मला ओरडली, "तुम्हीच बंद ठेवा ना तो." कसा बंद ठेवणार. त्या पूर्ण महिन्यात माझे खांदे कानाशी लागलेले असायचे. झोपतानाही खाली यायचे नाहीत.

गावागावांच्या स्पर्धेतल्या सेमीफायनलच्या दिवशी मी जाणार नव्हतो. चंद्रानंच हाकललं. "जा. हितं बसून माझी सलाईन मोजताव. तिकडं पोरी एकट्या हायेत."

समोर वसईकडची टीम. दांडग्या पोरी, शिस्तीच्या. मैदानाभोवती माणसं दाटीनं उभी, पोरं भिंतीवर चढलेली, लाउडस्पीकरवाला उगाच किंचाळत होता. पहिल्या डावात आपण पुढे. दुसऱ्या डावात त्यांनी खेचत आणलं. शेवटची काही मिनिटं राहिली आणि दोन्हीकडचे पॉइंट जवळजवळ सारखे. शाहीन चढाईला गेली. एकीला स्पर्श केला, वळली, आणि मधली रेषा हातभर असताना त्यांच्या दोघींनी तिला कमरेत धरून उचललं. ती डोक्यावर आली. मातीवर डोकं आपटलं तो आवाज मला ऐकू आला. पण पडता पडता तिचा हात रेषेला लागला होता. पंचांनी पॉइंट दिला. लोक नाचायला लागले.

शाहीन उठली. कपडे झटकले. हसली. आणि चालत जाऊन त्यांच्या बाजूला उभी राहिली.

क्षणभरच. दर्शनानं हाक मारली, "ए, इकडे," ती हसत परत आली, लोकही हसले. मी नाही हसलो. जी पोरगी डोळे बांधले तरी मधली रेषा चुकायची नाही, ती आपली बाजू विसरली होती. मी पंचांना हात केला. बदली मागितली.

"आबा, काय करताय?" दर्शना रेषेपाशी धावत आली. "थोडीच मिनिटं आहेत. तिच्याशिवाय कोण जाणार आत?"

"तिला बाहेर घे."

"मैं ठीक हूँ आबा," शाहीन म्हणाली. "खेलते मी. काय झाला न्हाय मना."

"बाहेर ये."

"आबा, प्लीज."

मागून कुणीतरी बोललं, "म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. घरची भानगड चालू आहे ना." मला ऐकू आलं, पोरींनाही आलं. शाहीन माझ्याकडे न बघता बाहेर आली आणि माझ्यापासून लांब जाऊन बसली. तिच्या जागी गेलेली पोरगी घाबरली होती, पहिल्याच चढाईत पकडली गेली. आपण दोन पॉइंटनी हरलो.

नंतर शाहीनला स्टेजच्या मागे उलटी झाली. तिला दवाखान्यात नेलं, डोक्याला मुका मार होता, काही दिवस विश्रांती सांगितली. तरी ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे. खेळाडू आहे ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चंद्राच्या कॉटपाशी स्टूल ओढून बसलो. तोंडावरूनच तिला कळलं.

"हरलाव?"

"हरलो."

"शाहीन व्हती ना?"

मी सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोप लागली. मग तिनं विचारलं, "ती काय बोलली?"

"खेळते म्हणाली."

"आन तरी काढलीत."

"काढली."

"बरं केलंत." शेजारच्या कॉटवरच्या बाईची सून डबा उघडत होती, वरणाचा वास आला, चंद्रानं तोंड फिरवलं. माझ्याकडे फिरवलं. "मंग मना कवा काढनार?"

"तुझं वेगळं आहे," मी म्हटलं.

"काय येगलं हाय? ती खेलते म्हनत व्हती, तिला भायेर काढलीत. मी रोज सांगते, भायेर काढा, तर मना खेलवताव. डॉक्टर खेलवतो, रूपेश खेलवतो. तुमी रेषेवर उभं राहून बघताव."

आवाज चढवून नाही बोलली. आवाज नव्हताच उरलेला. पण लग्न झाल्यापासून तिनं मला इतकं कधी झोडपलं नव्हतं. मी उठलो, चहा पिऊन येतो म्हणून खाली आलो आणि चहा न घेता फाटकापाशी उभा राहिलो. समोर मेट्रोचे खांब, खाली बसची रांग, भाजीच्या गाड्या, माणसं पिशव्या घेऊन घरी चालली होती. सगळी घरी चालली होती. मी तिथे उभा राहून रूपेशची वाट बघितली. ऑफिसातून तो थेट तिथेच यायचा.

तो आला तेव्हा मी म्हटलं, "आईला उद्या घरी नेऊ."

त्याला वाटलं डॉक्टरांनी काही सांगितलं. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"आणि डोस?"

"नको."

"हे तुम्ही ठरवलं?"

"तिनं ठरवलंय. कधीच. आपण ऐकत नव्हतो."

"बाबा, ती थकलीय म्हणून बोलतेय. थकलेला माणूस काहीही बोलतो." पुढचं तो हळू बोलला. "कालचं दर्शनानं सांगितलं मला फोनवर. तुम्ही शाहीनला काढलंत, कारण तिचं पुढे सगळं आयुष्य आहे. बरोबर केलंत. पण आईला काढलं तर पुढे काय आहे?"

इतका सरळ प्रश्न मला कुठल्या पंचानं, कुठल्या मास्तरानं विचारला नव्हता. पोरगं शिकलंय म्हणून नाही, पोरगं घाबरलंय म्हणून विचारत होतं. मी एवढंच म्हटलं, "घर आहे."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर माझ्या नावावर. तुझ्या नको."

तो जिना चढून गेला, मागे बघितलं नाही.

डॉक्टरांना भेटलो. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "काका, काय होणार ते नीट कळलंय ना तुम्हाला?" मी हो म्हटलं. त्यांनी दुखणं कमी करायची औषधं समजावून सांगितली, कुठलं कधी वाढवायचं, रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. मग चंद्राकडे जाऊन म्हणाले, "मावशी, उद्या सुट्टी." ती त्यांना म्हणाली, "जेवून जा एकदा आमच्याकडं." म्हणजे ती जिंकली असं नाही. कुणीच नाही जिंकलं. पण माझे खांदे त्या दिवशी थोडे खाली आले, हे मला आठवतं.

लोक अजून विचारतात. तोंडावर नाही, आडून. डोस दिला असता तर काकीनं मार्चपर्यंत काढलं असतं का, होळी बघितली असती का. मी सांगतो, काढलं असतं कदाचित. मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्यानं येऊन सांगावं. ती घरी काही आठवडे होती. त्यातले काही दिवस वाईट होते, फार वाईट, ते लिहिणार नाही. काही दिवस ती ओट्यावर खुर्चीत बसली, गल्लीतल्या बायकांना हुकूम सोडले. शाहीन येऊन तिच्या पायाशी बसायची, माझ्याशी मात्र तिच्यातर्फे बोलायची. "काकी, आबांना सांग मी परत येतेय प्रॅक्टिसला." मी समोरच असायचो. आणि एके दिवशी सकाळी चंद्रा गेली. मी हात धरला होता. तेवढंच.

यंदा पोरी विचारत होत्या, आबा, टीमला येणार ना. येणार. रेषेबाहेर उभं राहायला माणूस लागतोच. पण या वेळी पोरींना एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगणार आहे. बाहेर यायचं असेल तर हात वर करा. मी कारण विचारणार नाही. मग खेळेल कोण, असं दर्शना म्हणेल. म्हणू दे.

तिला घरी आणलं तो दिवस मात्र लिहायचा राहिला.

रूपेशनं गाडी आणली. चंद्राला मागे आडवं घेतलं, डोकं माझ्या मांडीवर. तो आरशातून बघत गाडी चालवत होता. काशिमिऱ्याच्या सिग्नलला ट्रकांची रांग. चंद्रा म्हणाली, काच खाली कर. रूपेश म्हणाला, "आई, धूळ येईल." ती म्हणाली, "येव दे. आपलीच हाय." त्यानं काच खाली केली आणि सगळी धूळ आत आली.

घरात पाय ठेवल्यापासून तिची तपासणी सुरू. पडदे का धुतले नाहीत. डब्यांची रांग कुणी बिघडवली. फ्रिजमध्ये कसला वास येतोय. सुनेनं सुकटीचं कालवण आणि मऊ भात आणला होता. दोन घास खाल्ले, म्हणाली, "खारट झालाय," आणि तिसरा घास मागितला. हॉस्पिटलात ती घास मागायची नाही, आम्ही मागे लागायचो. मग तिला तिच्या कॉटवर निजवलं, भिंतीकडे तोंड करून, ती झोपायची तशी. सून तिच्याजवळ थोडा वेळ थांबून मुलांची शाळा सुटते म्हणून गेली.

आम्ही दोघं बाप-लेक ओट्यावर येऊन बसलो. मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा सोडून. तो मोबाइलमध्ये बघत होता, पण बोट हलत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, हा आता काहीतरी बोलणार, आणि काय बोलणार तेही मला माहीत आहे, आणि ते मला ऐकून घ्यावं लागणार. चारचं ऊन ओट्यावर आलं. दोघंही सरकलो नाही.

मग आतून आवाज आला. रूपेश झटकन उठला, आत गेला. मी ओट्याची कड धरून तिथेच बसलो. तो लगेच परत आला, दारात उभा राहिला.

"बाबा, आई घोरतेय."

मी कान दिला. खरंच घोरत होती. पूर्वीसारखं, मोठ्यानं, मध्ये एक गचका आणि पुन्हा. इतके दिवस हॉस्पिटलात ती डोळे मिटून पडायची, झोपायची नाही. कुणीतरी येऊन सुई टोचेल म्हणून जागी राहायची. आता कुणी येणार नव्हतं.

"घोरू दे," मी म्हटलं.

तो बसला. या वेळी मधली जागा सोडली नाही. दोघं ऐकत राहिलो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पाववाला सायकलवर आला आणि त्यानं त्याचा भोंगा दाबला. रूपेश चप्पल न घालता उठला, धावत रस्त्यावर गेला. सायकलच्या हँडलवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "भाई, भोंपू मत बजा. अंदर मम्मी सोई है."

पाववाला मान हलवून निघून गेला. रूपेश परत आला नाही. तिथेच उन्हात, अनवाणी, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. अजून कुणी आवाज करत आलं तर.